आवृत्ती जुळत नाही!

मोडी लिपीत लिहिलेला एखादा जुना कागद तुम्ही पाहिला आहे काय? महाराष्ट्रातील पुराभिलेखागारांत आणि कित्येक घरांतील जुन्या पेट्यांत असे कागद आजही आहेत. कागद शाबूत असतो, शाई फारशी उडालेली नसते आणि भाषाही मराठीच असते. तरीसुद्धा आपल्यापैकी बहुतेकांना त्यातली एक ओळ लागत नाही. माहिती टिकून राहणे ही एक गोष्ट आणि ती वाचता येणे ही दुसरी, हे त्या कागदावरून चटकन ध्यानात येते.

संगणकात साठवलेल्या माहितीचेही असेच असते. फरक एवढाच, की लिपी बदलायला माणसांना शेकडो वर्षे लागतात, तर संगणकाच्या आज्ञावल्या दरवर्षी नवे रूप घेतात. तुमच्या शाळेतील जनरल रजिस्टर, बँकेतील खाती, रुग्णालयातील रुग्णांच्या नोंदी ही सारी माहिती आता संगणकाच्या चकतीवर असते. आज्ञावली नवी झाली आणि माहिती जुन्याच पद्धतीने लिहिलेली राहिली, तर काय होईल? कधी कधी संगणक सरळ नकार देतो : ‘आवृत्ती जुळत नाही!’ आपण वैतागतो. पण या नकारात शहाणपण असते. खरी काळजी करायची ती संगणक नकार न देता मुकाट्याने काम करीत राहतो तेव्हा. असे का म्हणायचे, ते या लेखात पाहू.

माहितीसाठा आणि त्याचा कारभारी

मोठ्या प्रमाणावर माहिती नीट मांडून ठेवणाऱ्या आणि मागताच काढून देणाऱ्या आज्ञावलीला डेटाबेस प्रणाली म्हणतात. हवे तर तिला माहितीसाठ्याचा कारभारी म्हणा. माहिती तक्त्यांच्या रूपात, म्हणजे ओळी आणि रकाने पाडून ठेवावी आणि ती चकतीवर नेमकी कुठे आहे याची चिंता मागणाऱ्याने करू नये, ही कल्पना एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली मांडली. तो तेव्हा आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत होता. या कल्पनेवर अमेरिकेतील बर्कली येथे कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी ‘इन्ग्रेस’ नावाची प्रणाली उभारली. पुढे १९८६ मध्ये स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथेच ‘पोस्टग्रेस’ प्रकल्प सुरू झाला. १९९६ मध्ये त्याचे नाव ‘पोस्टग्रेसक्यूएल’ झाले. जगभरचे स्वयंसेवक आणि अनेक कंपन्यांतील अभियंते आज ती वाढवीत आहेत. ती कोणालाही विनामूल्य घेता येते आणि तिच्या आतील प्रत्येक ओळ वाचताही येते. आपण तिला नुसते पोस्टग्रेस म्हणू.

ही प्रणाली बहुतेक वेळा लिनक्सवर चालवली जाते. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. या गाभ्याभोवती हजारो आज्ञावल्या जमवून तयार केलेले संच वेगवेगळे गट पुरवतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा, आर्च ही त्यांपैकी काहींची नावे. संच बदलला की त्यातील पोस्टग्रेसही बदलते. उदाहरणार्थ, २०२१ मध्ये आलेल्या डेबियन ११ बरोबर पोस्टग्रेस १३ होते. २०२३ च्या डेबियन १२ बरोबर १५ आले. आणि २०२५ च्या डेबियन १३ बरोबर १७. म्हणजे कोणी हौसेने नव्हे, तर निव्वळ लिनक्स अद्ययावत करताना माहितीसाठ्याचा कारभारी बदलून बसतो. कटकटीची सुरुवात बहुधा येथेच होते.

आकड्यांचा अर्थ

पोस्टग्रेसची आवृत्ती १६.३ अशा आकड्याने सांगतात. हा दशांश अपूर्णांक नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. १६.१० ही आवृत्ती १६.९ च्या नंतरची आहे! टिंबाच्या डावीकडचा आकडा मुख्य आवृत्तीचा आणि उजवीकडचा दुरुस्तीचा. ही पद्धत २०१७ साली, दहाव्या आवृत्तीपासून लागू झाली. त्याआधी ९.५, ९.६ असे पहिले दोन आकडे मिळून मुख्य आवृत्ती ठरत असे.

मुख्य आवृत्ती साधारण वर्षाला एक निघते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळत राहतात. दुरुस्तीचा आकडा बदलला, म्हणजे १६.२ चे १६.३ झाले, तर चकतीवरील मांडणी तीच राहते. नवी आज्ञावली बसवायची, सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू करायचा, की झाले. अशी दुरुस्ती टाळणे मात्र धोक्याचे, कारण सुरक्षिततेतील भोके बुजवण्याचे काम तीच करते. मुख्य आकडा बदलला, म्हणजे १५ चे १६ झाले, की मांडणी बदललेली असू शकते. मग जुनी माहिती नव्या कारभाऱ्याच्या हाती जशीच्या तशी देता येत नाही.

मांडणी म्हणजे तरी काय? पोस्टग्रेस चकतीवरील जागा ८,१९२ बाइटच्या पानांत वाटते. प्रत्येक पानाच्या डोक्यावर त्या पानाची माहिती असते, आणि पानात कोणती ओळ कोठे सुरू होते याचे निर्देश असतात. गंमत अशी, की या पानाचा नमुना फारसा बदलत नाही. २००८ च्या ८.३ या आवृत्तीपासून त्याचा क्रमांक ४ हाच आहे. बदलतात ते कारभाऱ्याचे स्वतःचे तक्ते. साठ्यात कोणकोणते तक्ते आहेत, कोणत्या रकान्यात अंक आणि कोणत्यात अक्षरे, कोणाला काय पाहण्याचा अधिकार, याच्या नोंदी तो आपल्या खास तक्त्यांत ठेवतो. नव्या आवृत्तीत नवी सोय आली की या तक्त्यांना नवे रकाने फुटतात. गोदामातील पोती तशीच, पण गोदामाची वही निराळ्या पद्धतीने लिहिलेली, असा हा प्रकार आहे.

शहाणा नकार

आता नकाराकडे वळू. पोस्टग्रेस ज्या फोल्डरमध्ये माहिती ठेवते, तेथे ‘पीजी व्हर्जन’ नावाची एक चिमुकली फाइल असते. तिच्यात फक्त मुख्य आवृत्तीचा आकडा असतो, बाकी काही नाही. सर्व्हर सुरू होताना आधी हा आकडा वाचतो. स्वतः १५ आणि फाइलीत १३ दिसले, तर तो तेथेच थांबतो आणि कोणत्या आवृत्तीने हा साठा तयार केला होता तेही सांगतो.

‘मग तो आकडाच पुसून १५ लिहिला तर?’ असे तुमच्यापैकी एखादा हुशार विद्यार्थी विचारील. शाळेच्या रसायन प्रयोगशाळेत बाटलीवरची चिठ्ठी बदलून आतले आम्ल बदलते काय? शिवाय पोस्टग्रेस एका चिठ्ठीवर विसंबत नाही. नियंत्रणाच्या आणखी एका फाइलीत त्याच्या खास तक्त्यांचा क्रमांक नोंदलेला असतो. तो वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसाचा अनुक्रम असा बनवलेला असतो. तोही जुळला नाही तर पुन्हा नकार. तुमची माहिती चुकीच्या पद्धतीने वाचून तिच्यावर चुकीचेच काही लिहिण्यापेक्षा गप्प बसलेले बरे, असा हा हिशेब आहे. नकार मिळाला तेव्हा आपली माहिती नष्ट झालेली नसते. ती जागच्या जागी सुखरूप असते. एवढे समजले तरी निम्मी घाबरगुंडी उडून जाईल!

वेगवेगळे संच ही अडचण वेगवेगळ्या प्रकारे हाताळतात. डेबियन आणि उबुंटू यांत दोन मुख्य आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकतात. प्रत्येकीचे आज्ञावलीचे फोल्डर वेगळे, माहितीचे फोल्डर वेगळे आणि बोलण्याचा पोर्ट क्रमांकही वेगळा. पहिली ५४३२ वर ऐकते, तर दुसरी ५४३३ वर. त्यामुळे नवी आली तरी जुनी लगेच जात नाही आणि सवडीने स्थलांतर करता येते. आर्च लिनक्समध्ये मात्र नवी आवृत्ती जुनीची जागा घेते. तेथे जुना साठा उघडण्यापुरती जुनी आज्ञावली निराळ्या पॅकेजमधून मागून घ्यावी लागते. एक पद्धत ऐसपैस, दुसरी आटोपशीर. पण दोन्हीकडे जुन्या माहितीसाठी जुना वाचणारा लागतोच.

तीन वाटा

जुन्या आवृत्तीतून नवीत जाण्याच्या तीन वाटा आहेत. त्या समजण्यासाठी रेल्वेची आठवण करू. आपल्याकडील ब्रॉडगेजच्या दोन रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर, तर मीटरगेजचे १,००० मिलिमीटर. एके काळी मनमाडसारख्या स्थानकावर हे दोन्ही मार्ग येत. एका मार्गावरची वाघीण दुसऱ्या मार्गावर जाऊच शकत नाही. मग माल पलीकडे न्यायचा कसा?

पहिली वाट म्हणजे माल उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत चढवायचा. ‘पीजी डंप’ ही आज्ञा हेच करते. ती सारी माहिती कोणालाही वाचता येईल अशा साध्या आज्ञांच्या रूपात उतरवून काढते : अमुक नावाचा तक्ता बनवा, त्यात या ओळी घाला. नवी आवृत्ती त्या आज्ञा पाळत सारा साठा नव्याने रचते. येथे एक नियम पाळायचा. उतरवण्याचे काम नव्या आवृत्तीच्या पीजी डंपकडून करून घ्यावे. नव्या माणसाला जुने अक्षर शिकवलेले असते. पण जुन्या माणसाला अजून न जन्मलेले अक्षर कसे येणार? म्हणूनच जुने पीजी डंप आपल्याहून नव्या सर्व्हरची माहिती उतरवायला नकार देते. ही वाट सर्वांत भरवशाची, पण माहिती जितकी जास्त तितका वेळ जास्त.

दुसरी वाट म्हणजे माल तसाच ठेवून खालचे चाकांचे गाडे तेवढे बदलायचे. २०१० च्या ९.० या आवृत्तीपासून पोस्टग्रेसबरोबर ‘पीजी अपग्रेड’ नावाचे साधन मिळते. पानांचा नमुना बदललेला नाही, फक्त गोदामाची वही बदलली आहे, याच गोष्टीचा ते फायदा घेते. नवी वही लिहिते आणि पोती जुनीच वापरते. त्यातही दोन प्रकार आहेत. एकात माहितीच्या फाइलींची प्रत काढली जाते. दुसऱ्यात प्रत न काढता त्याच फाइलीला दुसरे नाव दिले जाते, कारण लिनक्समध्ये एकाच फाइलला दोन नावे असू शकतात. त्यामुळे प्रचंड साठाही थोडक्या वेळात पलीकडे जातो. परंतु नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुन्याकडे सुरक्षितपणे परतता येत नाही. दोन नावे असली तरी फाइल एकच, हे विसरून चालत नाही.

तिसरी वाट म्हणजे दोन्ही गाड्या काही काळ समांतर चालवायच्या. जुन्या सर्व्हरवर होणारा प्रत्येक बदल नव्याकडे पाठवत राहायचे आणि दोघे बरोबरीला आले की एका क्षणी सगळ्यांना नव्याकडे वळवायचे. ही सोय पोस्टग्रेसमध्ये दहाव्या आवृत्तीपासून अंगभूत आहे. ज्यांना काही मिनिटेही काम बंद ठेवणे परवडत नाही त्यांच्यासाठी ती उपयोगी. पण तिची तयारी किचकट असते.

मुकाट्याने होणारी चूक

येथवर सारे उघड होते. गाडी रुळावर बसत नाही हे डोळ्यांना दिसते. आता न दिसणाऱ्या विसंगतीकडे वळू. त्यासाठी आधी संगणक शोध कसा घेतो ते पाहिले पाहिजे.

शब्दकोशात शब्द शोधताना तुम्ही पहिल्या पानापासून वाचत नाही. मध्येच कोश उघडता, आपला शब्द अलीकडे की पलीकडे ते ठरवता आणि नको तो अर्धा भाग सोडून देता. उरलेल्याचा पुन्हा मध्य काढता. दर खेपेला निम्मा भाग गळतो. दोनाचा विसावा घात १०,४८,५७६ आहे. म्हणजे दहा लाख नोंदींतून हवी ती नोंद फार तर वीस प्रश्नांत सापडते! डेटाबेस यासाठी नोंदींची एक क्रमवार सूची ठेवतो. तिची नेहमीची रचना फांद्या फुटत गेलेल्या झाडासारखी असते. तिला ‘बी-ट्री’ म्हणतात. रूडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी ती १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. तत्त्व मात्र शब्दकोशाचेच.

हे तत्त्व एका अटीवर उभे आहे. सूची ज्या क्रमाने रचली, त्याच क्रमाने शोधणाराही विचार करतो, ही ती अट. ती मोडली तर?

सात मुलींची नावे घ्या. शाळेत पाठ केलेली वर्णमाला ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ अशी संपते. त्या हिशेबाने ‘क्षमा’ शेवटी यायला हवी. पण संगणकात क्ष हे अक्षर क, हलन्ताची खूण आणि ष अशा तीन खुणांनी साठवतात. निव्वळ त्या खुणांच्या क्रमांकांनुसार लावले तर ‘क्षमा’ क च्या घरात जाते. समजा, आपली सूची या दुसऱ्या पद्धतीने रचली आहे :

कमल, क्षमा, गीता, नलिनी, मीरा, शोभा, हेमा.

आता शोधणाऱ्याला पहिली पद्धत शिकवा, म्हणजे क्ष सर्वांत शेवटी. त्याला ‘क्षमा’ शोधायला सांगा. तो मध्यावर ‘नलिनी’ पाहतो. क्ष न च्या पुढे, म्हणून उजवीकडे जातो. ‘शोभा’ पाहतो, पुन्हा उजवीकडे. ‘हेमा’ पाहतो, आणखी उजवीकडे. तेथे काही नाही. उत्तर येते : क्षमा नावाची नोंद नाही. ती तर दुसऱ्याच जागेवर बसलेली आहे!

एवढ्यावर भागत नाही. आता ‘गीता’ शोधा. मध्यावर नलिनी, म्हणून डावीकडे. डाव्या भागाच्या मध्यावर ‘क्षमा’ भेटते. शोधणाऱ्याच्या मते क्ष शेवटी, म्हणजे गीता तिच्या डावीकडे असणार. तेथे एकटी ‘कमल’ आहे. गीता कमलच्या पुढची, आणि पुढे पाहायला काही उरलेले नाही. उत्तर : गीता नाही. गीताच्या नावात क्ष नसूनही ती हरवली, कारण तिच्या वाटेवर क्षमा उभी होती. उरलेल्या पाच जणी मात्र बिनचूक सापडतात. कागदावर करून पाहा. सातांतील पाच उत्तरे बरोबर येतात, म्हणूनच चूक कोणाच्या लक्षात येत नाही.

आता हीच यादी रुग्णालयातील आहे असे समजा. गीताला पेनिसिलिन सोसत नाही, अशी तिची जुनी नोंद आहे. ती पुन्हा उपचारांना येते. संगणक म्हणतो, अशी रुग्ण नाही. कारकून बिचारा नवी नोंद करतो आणि पेनिसिलिनचा रकाना कोरा राहतो. यंत्राने कोठेही चुकीचा इशारा दिला नाही, की काम थांबवले नाही. एकाच गीताच्या दोन नोंदी मात्र झाल्या. एका व्यक्तीची एकच नोंद असावी हा नियम पाळणारी सूचीच फसलेली असल्यामुळे तो नियमही मुकाट्याने मोडला.

२०१८ साली काय झाले

क्षमा आणि गीता समजण्यापुरत्या घेतल्या, पण अशी गोष्ट प्रत्यक्ष घडली आहे. अक्षरांचा क्रम कोणता, हा प्रश्न पोस्टग्रेस बहुतेक वेळा स्वतः सोडवत नसे. ते लिनक्समधील ‘जी-लिब-सी’ या सामाईक आज्ञासंग्रहाला विचारत असे. ऑगस्ट २०१८ मध्ये जी-लिब-सीची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिच्यात अक्षरक्रमाचे नियम नव्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सुधारले गेले. सुधारणा योग्यच होती. पण तिच्यामुळे कित्येक शब्दांचा क्रम पालटला. इंग्रजीच्या नियमांनी लावल्यास पूर्वी ‘११’ हे ‘१-१’ च्या आधी येत असे. आता ‘१-१’ आधी येऊ लागले. मधली आडवी रेघ आधी जवळजवळ दुर्लक्षिली जात होती, ती आता मोजली जाऊ लागली. वाहनांचे क्रमांक, दूरध्वनी क्रमांक, वस्तूंचे संकेतांक यांत अशा रेघा किती असतात, ते आठवून पाहा.

डेबियन ९ मध्ये जुने जी-लिब-सी होते, २०१९ च्या डेबियन १० मध्ये नवे २.२८. ज्यांनी लिनक्स बदलले पण माहितीचे फोल्डर तेच ठेवले, त्यांच्या सूची जुन्या क्रमाने रचलेल्या आणि शोध नव्या क्रमाने, अशी अवस्था झाली. ध्यानात घ्या, येथे पोस्टग्रेसची आवृत्ती बदललेलीच नसेल! ‘पीजी व्हर्जन’मधील आकडा जुळतो, म्हणून सर्व्हर आनंदाने सुरू होतो. विसंगती आहे ती तिसऱ्याच ठिकाणी आणि तिच्यासाठी चिठ्ठी कोणी लावलेलीच नव्हती.

उपाय सोपा आहे, पण वेळेवर हवा. तक्त्यातील मूळ माहिती बिघडलेली नसते. बिघडते ती सूची. ‘रीइंडेक्स’ या आज्ञेने सूची मोडून नव्या क्रमाने पुन्हा रचता येते. सूची शाबूत आहे की नाही हे तपासण्याचे ‘ॲमचेक’ नावाचे साधनही पोस्टग्रेसबरोबर मिळते. मात्र मधल्या काळात एका गीताच्या दोन झाल्या असतील, तर त्यांतील खरी नोंद कोणती हे माणसालाच ठरवावे लागते. तेथे आज्ञा चालत नाही.

मघाच्या तीन वाटांकडे आता पुन्हा पाहा. माल उतरवून चढवण्याच्या पद्धतीत नव्या ठिकाणी सूची नव्यानेच रचली जाते. म्हणून ती वाट या चुकीपासून आपोआप वाचवते. चाकांचे गाडे बदलण्याच्या पद्धतीत मात्र जुन्या सूचीच्या फाइली तशाच पुढे येतात आणि त्यांच्याबरोबर जुना क्रमही. सावकाश चालणाऱ्याचा असाही फायदा असतो!

या अनुभवातून पोस्टग्रेसचे कर्तेही शिकले. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून प्रत्येक साठ्याबरोबर, तो रचताना अक्षरक्रमाची कोणती आवृत्ती होती हे नोंदले जाते आणि पुढे ती वेगळी आढळली तर इशारा मिळतो. २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत लिनक्सवर न विसंबणारा, पोस्टग्रेसचा स्वतःचा अक्षरक्रमही निवडता येऊ लागला. म्हणजे जेथे चिठ्ठी नव्हती तेथे चिठ्ठी लावली गेली. मुकी विसंगती बोलकी झाली.

बोलण्याची भाषा

आणखी एका जुळणीचा उल्लेख केला पाहिजे. माहिती मागणारी आज्ञावली आणि सर्व्हर एकमेकांशी ठराविक पद्धतीने बोलतात. पोस्टग्रेसच्या या संभाषणाची ३.० ही पद्धत २००३ मध्ये ठरली आणि वीस वर्षांहून अधिक काळ तीच टिकली. २०२५ च्या १८ व्या आवृत्तीने ३.२ ही नवी पद्धत आणली, तरी जुनीही चालते. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीची आज्ञावलीसुद्धा पुष्कळदा आजच्या सर्व्हरशी बोलू शकते. अडते ते परवलीच्या शब्दापाशी. तो तपासण्याची अधिक सुरक्षित ‘स्क्रॅम’ पद्धत दहाव्या आवृत्तीत आली आणि २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीत तीच नेहमीची ठरली. जुन्या आज्ञावल्यांना ती येत नाही, म्हणून त्यांना दारातच अडवले जाते. हाही उघड नकार, म्हणजे चांगल्या जातीचा!

शाळेचा संगणक सांभाळणाऱ्यांसाठी

तुमच्या शाळेच्या नोंदी एखाद्या शिक्षकांनी लिनक्सवर ठेवल्या असतील, तर पुढील पाच गोष्टी त्यांच्या उपयोगी पडतील.

१. पोस्टग्रेसची, लिनक्सची आणि जी-लिब-सीची आवृत्ती एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. फक्त पहिलीच लिहिली तर काय होते, ते आपण पाहिलेच.

२. कोणताही बदल करण्यापूर्वी पीजी डंपने माहिती उतरवून घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर चढवून पाहा. चढवून न पाहिलेली प्रत म्हणजे प्रत आहे अशी नुसती समजूत.

३. मुख्य आवृत्ती बदलताना मधल्या सर्व आवृत्त्यांची निवेदने वाचा. १३ वरून १७ वर जायचे तर १४, १५, १६ आणि १७ या चारांचीही.

४. लिनक्सचा संच बदलला, की पोस्टग्रेस तेच असले तरी अक्षरक्रम तपासा आणि गरज पडल्यास सूची पुन्हा रचा.

५. नव्याची खात्री पटेपर्यंत जुने पुसू नका.

करून पाहा

वर्गात साठ मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या करा. एका गटाने त्या ‘क्ष आणि ज्ञ शेवटी’ या नियमाने लावाव्यात. दुसऱ्या गटाने ‘क्ष क मध्ये, ज्ञ ज मध्ये’ या नियमाने मध्य काढत काढत नावे शोधावीत. प्रत्येक चिठ्ठीवर फक्त मध्यावर असतानाच नजर टाकायची. सरसकट चाळायचे नाही. साठांपैकी किती नावे हरवतात ते मोजा. त्यांतील किती नावांत क्ष किंवा ज्ञ आहे तेही मोजा. वर्गातील मुलांच्या नावांप्रमाणे हे आकडे बदलतील. एखादे वेळी एकही नाव हरवणार नाही. तसे झाले, तर वर्गात एक ज्ञानेश्वर किंवा एक क्षितिजा कल्पनेने वाढवा आणि पुन्हा करून पाहा.

लिनक्सचा संगणक हाताशी असेल, तर ‘सॉर्ट’ ही क्रम लावणारी आज्ञा वापरून इंग्रजी मोठ्या लिपीतील झेड आणि लहान लिपीतील ए यांचा क्रम दोनदा लावा. एकदा भाषा इंग्रजी निवडून आणि एकदा भाषेच्या जागी नुसते ‘सी’ निवडून. पहिल्या खेपेला ए आधी येईल, दुसऱ्या खेपेला झेड. दोन्ही उत्तरे आपापल्या नियमाने बरोबरच आहेत. दुसऱ्या खेपेला असे का झाले, हे शोधून काढण्याचे काम तुमच्याकडे. सूचना एवढीच : प्रत्येक अक्षराला संगणकात एक क्रमांक असतो, आणि मोठ्या ए चा ६५, तर लहान ए चा ९७ आहे.